रुग्ण बालकांची सुट्टी

आजारी मुलास औषध द्यावें, पथ्य सांभाळावें, देवास साकडें घालावें, एवढें आपण सारेच जाणतों. पण त्यास सुट्टी द्यावी, ही कल्पना सहसा सुचत नाहीं. सुट्टी कसली, असें कोणी विचारील. आजारीपणाची!

अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत अ‍ॅशफर्ड या गांवीं विख्यात नट पॉल न्यूमन यांनीं १९८८ सालीं कर्करोग व रक्ताचे गंभीर विकार जडलेल्या मुलांसाठीं अशा सुट्टीची छावणी उघडली. तिच्या पैशाचा उगम मोठा मौजेचा आहे. १९८० च्या नाताळांत न्यूमन व त्यांचे लेखकमित्र हॉचनर यांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेट देण्याकरितां कोशिंबिरीवर घालावयाचें तेल-शिरक्याचें मिश्रण केलें, आणि तें ढवळावयास होडीचें वल्हें घेतलें! गृहिणींनीं नाक मुरडूं नये. मिश्रण लोकांना इतकें रुचलें कीं १९८२ मध्यें त्याचा रीतसर धंदाच निघाला, आणि कर वजा जातां उरणारा सगळा नफा दानधर्मास लावण्याचें ठरलें. न्यूमन २००८ मध्यें निवर्तले. तो नेम मात्र सुटलेला नाहीं.

छावणीस नांव दिलें तें त्यांच्या १९६९ च्या एका चित्रपटांतील दरोडेखोरांच्या टोळीचें. ऐकतांच कोणाहि दहा वर्षांच्या मुलाचे डोळे चमकावेत! सात ते पंधरा वर्षांचीं मुलें येथें येतात. आईबापांकडून एक छदामहि घेत नाहींत. घोड्यावर बसावें, गळ टाकून मासे धरावे, नाटक करावें, होडी वल्हवावी. कर्करोगावरील औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात आणि क्षुल्लक संसर्गहि जिवावर बेततो. म्हणून डॉक्टर व परिचारिका अष्टौप्रहर जवळ असतात. येल विद्यापीठाचे डॉ. हॉवर्ड पिअर्सन यांनीं आरंभीं ही बाजू सांभाळली. दवाखान्यासहि नांव आहे तें गुराख्यांच्या गोठ्याचें! डोक्यावरचे केस गेले तरी कोणी टक लावून पाहत नाहीं. शेजारच्या खाटेवरचा गडीहि तसाच. रुग्णांच्या धडधाकट भावंडांसाठींहि तेथें निराळे दिवस राखलेले असतात, हें मला विशेष वाटलें. एक मूल अंथरुणास खिळलें कीं दुसऱ्याचें जेवण झालें कीं नाहीं, हें भरल्या घरांतहि कोणी विचारीत नाहीं. १९९४ मध्यें आयर्लंडांत बॅरेट्सटाउन येथें अशीच छावणी निघाली.

हें वाचतांना मला माझाच एक विद्यार्थी आठवला. वर्षभराच्या उपचारानंतर तो टोपी घालून वर्गांत परतला. मीं त्यास पुढल्या बाकावर बसविलें, कवायत माफ केली, आणि त्याच्या चुका काढणेंहि सोडून दिलें. एके दिवशीं त्यानें ‘हरि’ शब्दाची षष्ठी ‘हरिस्य’ अशी म्हटली. मीं मान डोलावली. लागलीच दुसऱ्या मुलानें तीच चूक केली, त्यास मात्र रागावलों. वर्ग सुटल्यावर हा मागें राहिला व म्हणाला, “गुरुजी, त्याची चूक काढलीत, माझी कां नाहीं? मला आतां शिकवून उपयोग नाहीं म्हणून?”

मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं त्यास ‘हरि’ शब्द दहा वेळां लिहावयास लावला. वही पुढें करतांना त्याच्या चेहऱ्यावर हसूं होतें. सातव्या वेळीं चतुर्थी चुकली होती. ती मीं तांबड्या शाईनें दाखविली.