कोटीच्या घरातले शून्य
२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली, बिहारची १०,४०,९९,४५२. मोठी संख्या कोणती? मुलांची नजर अनेकदा बिहारच्या ९९ वर अडकते. पण ते ९९ हजारांच्या घरात आहेत. तिथे त्यांची किंमत लाखभरही होत नाही.

आधी अंक मोजायचे: दोन्हीकडे नऊ. मग डावीकडून घरे ताडून पाहायची. दशकोटीच्या घरात दोन्हीकडे १. कोटीच्या घरात महाराष्ट्राचा १, बिहारचे ०. निकाल इथेच लागला. पुढचे अंक तो फिरवू शकत नाहीत. हे शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ समजून मुले ते गाळतात, ही मला सर्वांत काळजीची चूक वाटते. ते गाळले, तर बिहार थेट १,४०,९९,४५२ वर येतो! घरी मुलांकडून अशा खऱ्या संख्या मोठ्याने वाचून घ्या.