जामीन कोणास परवडतो ?

छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, एकाच दिवशीं दोघां इसमांस सारख्याच आरोपावरून अटक झाली, अशी श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. एक गुलमंडीवरील दुकानदार. दुसरा बीड जिल्ह्यांतून कामासाठीं आलेला गवंडी. कोर्टानें दोघांसही १०,००० रुपयांच्या जामिनावर सोडण्याचा हुकूम दिला. कागदोपत्रीं न्याय समसमान झाला; परंतु दुकानदार सायंकाळीं घरीं जेवावयास गेला आणि गवंडी हर्सूलच्या कारागृहांत.

असें कां व्हावें ? जामीन ही शिक्षा नव्हे. खटल्याच्या तारखेस आरोपी हजर राहील, एवढीच ती हमी होय. तथापि हमी घेतांना ऐपतदार जामीनदार मागितला जातो. गवंड्याच्या सोयऱ्यांजवळ मिळकत नसते; असलीच तर ती परजिल्ह्यांत असते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. १९७८ सालीं मध्य प्रदेशांतील मोतीराम नामक गवंड्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याची जामीनकी नाकारली होती. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्यास १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास फर्माविलें. पुढच्याच वर्षीं हुसैनआरा खातून प्रकरणांत, गुन्हा शाबीत झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती त्याहून अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेले कच्चे कैदी उजेडांत आले.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. २०२२ च्या अखेरीस भारतांतील ५,७३,२२० बंद्यांपैकीं ४,३४,३०२ जण खटला संपण्याची वाट पाहत होते. दरम्यान रोजी बुडते, घरभाडें थकतें, मुलांची शाळा सुटते. किरकोळ आरोप असल्यास गरीब मनुष्य कित्येकदां न केलेला गुन्हाही कबूल करतो. कारण कबुलीची शिक्षा खटल्याच्या प्रतीक्षेपेक्षां आंखूड असते.

कायद्यानें यावर कांहीं उपाय योजिले आहेत. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें, जामीनपात्र गुन्ह्यांत अटकेपासून आठवड्याच्या आंत जामीन देतां न आल्यास आरोपीस निर्धन समजून जामीनदाराविना सोडावें लागतें. पूर्वीं कधींच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानें कमाल मुदतीचा एकतृतीयांश काळ भोगल्यास, कांहीं अपवाद वगळतां, त्यास मुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. फांशी अथवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस ती लागू नाहीं. शिवाय १९८७ च्या विधि सेवा कायद्यान्वयें कोठडींतील प्रत्येकास मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

परंतु हक्क माहीत नसणाऱ्यास तो नसल्यासारखाच. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईचा मुलगा पकडला गेला, तर सुशिक्षित कुटुंबानें "पोलिसांनीं नेलें म्हणजे कांहीं तरी केलेंच असेल" असें न म्हणतां तिला जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. न्यायाच्या तराजूंत पैशाचें वजन पडूं नये, यासाठीं एवढें तरी प्रत्येकास करतां येण्याजोगें आहे.