आत्याबाईंचे बारा हजार सहाशे

पाऊस तोंडावर आलेला, रान वखरून तयार, आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी उसनवारी करण्याची पाळी. अशा वेळी आपले स्वतःचे पैसे सरकारच्या तिजोरीत अडकून पडावेत, म्हणजे माणसाचा जीव कसा तळमळतो ते मी २०२५ च्या जेठ महिन्यात आमच्या आत्याबाईंच्या ओसरीवर पाहिले.

हकीकत अशी. रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांची सव्वा एकर जमीन गेली. मोबदला मिळाला, त्यावर कर लागला नाही. आतोबा वारल्यावर आत्याबाईंनी त्यातले अठरा लाख रुपये बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवले. २०२३-२४ सालचे व्याज झाले १,२६,००० रुपये. बँकेने त्यातून दहा टक्के, म्हणजे १२,६०० रुपये कापून आयकर खात्याकडे भरले.

"शेतीला कर नाही म्हणता, मग माझ्या रानाच्या पैशाला कात्री कशी लागली?" आत्याबाईंनी मला विचारले.

प्रश्न रास्त आहे आणि घरोघरी विचारला जातो. शेतीचे उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्याने करमुक्त ठेवले होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती सूट आहे. परंतु जमिनीचा पैसा बँकेत गेला की त्यावरचे व्याज हे शेतीचे उत्पन्न राहत नाही. (दुधाचा धंदा आणि कोंबडीपालन यांचेही तेच. गोठा रानात असला तरी कायदा त्याला शेती म्हणत नाही.) तरीही आत्याबाई कर देणे लागत नव्हत्या, कारण त्यांचे करपात्र उत्पन्न तीन लाखांच्या पुष्कळ खाली होते. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी '१५ एच' हा ज्येष्ठ नागरिकांचा नमुना भरून दिला असता, तर बँकेने एक पैसा कापला नसता. साठ वर्षांखालच्यांसाठी '१५ जी' होता. ठेवीची पावती देताना हे त्यांना कोणी सांगितले नाही. अठरा लाखांची ठेव घेताना मात्र चहा पाजला होता.

कापलेले पैसे परत मिळवायचे तर विवरणपत्र भरावे लागते. ते तालुक्याच्या केंद्रातल्या एका मुलाने जुलै २०२४ मध्ये भरून दिले, पाचशे रुपये घेतले आणि एक कागद हातात ठेवला. मग आत्याबाई दर बुधवारी बाजाराला गेल्या की बँकेत पासबुक छापून घेऊ लागल्या. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी झाली. पासबुकात काही उमटेना.

दिवाळीनंतर मी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. विवरणपत्र नुसते भरून भागत नाही. ते आपणच भरले आहे अशी खात्री तीस दिवसांत पटवून द्यावी लागते; ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. खात्री पटविण्याची सोपी वाट म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा आकडा. आत्याबाईंच्या आधारला नंबर होता आतोबांचा, आणि तो त्यांच्यामागे बंद पडलेला. शेवटी सही केलेला कागद टपालाने बेंगळुरूच्या केंद्राकडे पाठविला. पण मुदत टळल्यामुळे विवरणपत्र त्या दिवशी भरले असे धरले गेले. म्हणजे उशीर आत्याबाईंच्या नावावर!

फेब्रुवारीत परतावा मंजूर झाल्याचा संदेश आला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पैसे मात्र खात्यावर चढले नाहीत. खात्यावर पहिले नाव आतोबांचे, आणि मार्च २०१९ पासून परतावा फक्त करदात्याच्या पॅनशी जोडलेल्या खात्यातच जमा होतो. पुन्हा नवे खाते, पुन्हा अर्ज.

या साऱ्यात चूक कोणाची? थोडी घरची आहे, हे मी आत्याबाईंसमोरही बोललो. पण खरी बोच वेगळी आहे. पूर्वी परतावा टपालाने येई आणि अडला तर जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन कारकुनाशी भांडता येई. आता बेंगळुरूचे यंत्र काम पुष्कळांचे लवकर उरकते, हे खरे. पण ज्याचे अडले त्याला ठोठावायला दार नाही. पडद्यावर एक इंग्रजी ओळ दिसते, तीही आत्याबाईंना वाचता येत नाही. तक्रार ऐकणारा आयकर लोकपाल होता, ते पद २०१९ मध्ये बंद झाले. तक्रार आता संगणकावर नोंदवायची.

व्याजाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. देणेकरी आपण असून विवरण उशिरा भरले, तर सरकार महिन्याला एक टक्का घेते. परतावा त्याच्याकडे अडला, तर ते देते अर्धा टक्का. शिवाय मिळालेले व्याज पुन्हा करपात्र! पुण्याच्या सँडविक एशिया या कंपनीला सरकारकडून येणे असलेल्या व्याजासाठी १२ ते १७ वर्षे थांबावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिला भरपाई देवविली. पण २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्यात लिहिले आहे तेवढेच व्याज मिळेल. आणि कंपनीला वकील तरी परवडतो. बारा हजारांसाठी दिल्ली कोण गाठणार?

म्हणून ज्यांच्या घरी ठेव आहे त्यांनी आजच पाहावे, की आधारला चालू मोबाईल आहे का आणि पॅन आधारशी जोडला आहे का. जोडला नसेल तर परतावाही अडतो आणि कपातही जास्त होते. खात्यावरची नावे तपासावीत. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांचे वर्षाचे व्याज एक लाखाच्या आणि इतरांचे पन्नास हजारांच्या पुढे गेले तरच बँक कर कापते. नव्या कायद्याने नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. बँकेत जाऊन 'कर कापू नये म्हणून द्यायचा नमुना' एवढे म्हटले तरी पुरे.

आत्याबाईंचे पैसे आषाढात आले, पेरणी उरकल्यावर. बियाणे उधारीचेच पेरले. मी निघालो तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक कागद काढून दाखविला. एप्रिलमध्ये बँकेत दिलेल्या नमुन्याची ती पोच होती. "आजी, शिक्क्याची गरज नाही," असे तिथला साहेब म्हणाला होता. शिक्का मिळेपर्यंत आत्याबाई जेवणाच्या सुट्टीतही बाकावरून हलल्या नव्हत्या.