बटणांचा फोन आणि फिरतीचा माणूस



पंधरा-वीस वर्षांपूर्वीं मोठ्या हुद्द्याच्या माणसांच्या कमरेला एक चपटा, बहुधा काळा असा फोन लटकलेला दिसे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागांत पडदा व खालच्या अर्ध्या भागांत डाळिंबाच्या दाण्यांप्रमाणें दाटीनें बसविलेलीं बारीक बटणें असत. प्रत्येक बटणावर एक इंग्रजी अक्षर. हा गृहस्थ गाडींत, फलाटावर किंवा कचेरीच्या बांकावर बसून दोन्ही अंगठ्यांनीं तीं बटणें दाबी आणि भराभर पत्रें लिही. आज तो फोन घराघरांतील कपाटाच्या खणांत निजला आहे. त्याची जागा गुळगुळीत कांचेच्या फोननें घेतली, आणि बहुतेकांची समजूत अशी झाली कीं, जुनें तें वाईट होतें म्हणून गेलें व नवें तें चांगलें म्हणून आलें. ही समजूत अर्धीच खरी आहे. त्या फोनचे गुण कोणते व दोष कोणते, आणि त्यांतले आपल्या मराठी माणसाच्या वांट्याला कोणते आले, याचा हिशेब मांडावा, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम, हा फोन कोणासाठीं होता तें पाहूं. ज्याचें काम एका खुर्चीवर बसून होत नाहीं, त्याच्यासाठीं तो होता. अशीं माणसें केवळ मुंबईंत असतात असें नाहीं. आमचें साक्री हें धुळें जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, सुरत-नागपूर महामार्गावरचें तालुक्याचें गांव. तालुका मोठा विखुरलेला. एकीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्या, दुसरीकडे शिवाजीनगर येथें २०१३ सालीं सुरू झालेला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प, तिसरीकडे पिंपळनेरचा कांदा-बाजार. पवनचक्की दुरुस्त करणारा अभियंता, औषध कंपनीचा प्रतिनिधि, विम्याचा एजंट, वर्तमानपत्राचा वार्ताहर, कांद्याचा अडत्या, हीं सारीं माणसें दिवसभर रस्त्यावर असतात. त्यांची कचेरी त्यांच्या खिशांतच असावी लागते.

बटणांच्या या फोनपूर्वीं खिशांतल्या कचेरींत लेखणीच नव्हती, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. साध्या मोबाईलवर बारा बटणें असत आणि एकेका आंकड्याच्या पोटांत तीन-चार अक्षरें कोंबलेलीं असत. ‘साक्री’ हें नांव इंग्रजी लिपींत एस्, ए, के, आर्, आय् अशा पांच अक्षरांनीं लिहावयाचें झालें, तर एस् साठीं सातचें बटण चार वेळां, ए साठीं दोनचें एकदां, के साठीं पांचचें दोनदां, आर् साठीं पुन्हां सातचें तीनदां व आय् साठीं चारचें तीनदां दाबावें लागे. पांच अक्षरांस तेरा ठोके! अक्षराला एक बटण दिलें कीं, हेंच काम पांच ठोक्यांत होतें. या फोनचा सारा मोठेपणा या साध्या गणितांत आहे.

अक्षरांचा जो क्रम या बटणांवर होता, तो मात्र नवा नव्हता. अमेरिकेंतील शोल्स या गृहस्थानें सिद्ध केलेल्या व १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीनें विकलेल्या टंकलेखनयंत्राचाच तो क्रम होय. टायपिंगच्या वर्गांत ज्यांनीं बोटें झिजविलीं, त्यांना तो पाठ असतो. तोच कळफलक लहान करून फोनवर बसविण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. फिनलंडच्या नोकिया कंपनीनें १९९६ सालीं ‘कम्युनिकेटर’ नांवाचा फोन काढला. तो चष्म्याच्या घराप्रमाणें उघडे व आंत पूर्ण कळफलक असे. पण त्याचें वजन सुमारें चारशें ग्रॅम, म्हणजे खिसा फाडणारें. दुसरा प्रयत्न कॅनडांतील रिसर्च इन मोशन या कंपनीचा. तिनें १९९९ सालीं ‘ब्लॅकबेरी’ हें निरोप-यंत्र आणलें. बटणें एका दाणेदार फळासारखीं दिसतात म्हणून त्या फळाचें नांव यंत्राला मिळालें. २००२ सालीं त्यांत बोलण्याची सोय आली आणि २००४ सालीं एअरटेलच्या द्वारें तें हिंदुस्थानांत पोंचलें. पुढें नोकियानेंही ई-मालिकेंतील फोन काढले. त्यांतील २००८ सालचा ई-७१ केवळ १२७ ग्रॅमचा होता. बारा वर्षांत वजन तिसऱ्या हिश्शावर आलें!

आतां गुण पाहूं. पहिला गुण स्पर्शाचा. बटण दाबलें गेलें कीं नाहीं, हें अंगठ्याला कळे. डोळ्यांनीं पाहावें लागत नसे. पेटीवर सराईतपणें बोटें फिरविणारा वादक जसा पट्ट्यांकडे पाहत नाहीं, तसा सवयीचा माणूस समोरच्याशीं बोलतां बोलतां खालीं दोन ओळी लिही. लिहिलेलें अचूक उतरे. एकदोन शब्दांच्या उत्तराऐवजीं दहा-वीस ओळींचें नीट पत्र रस्त्यावरून धाडतां येऊं लागलें, तें या गुणामुळें.

दुसरा गुण टपालाचा. संगणकावर पत्र आलें आहे काय, हें आपण जाऊन पाहावें लागे. ब्लॅकबेरींत पत्र आपण होऊन खिशांत येई. कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रांतून तें आक्रसून, थोडक्या जागेंत बसवून पाठविलें जाई. त्यामुळें ज्या काळीं इंटरनेटचा प्रवाह करंगळीएवढ्या धारेनें वाहत होता, त्या काळींही पत्र वेळेवर पोंचे. शिवाय तें गुप्त भाषेंत बांधलेलें असे. ही गुप्तता इतकी पक्की ठरली कीं, ऑगस्ट २०१० मध्यें भारत सरकारनेंच सुरक्षेच्या कारणास्तव हे निरोप तपासण्याची सोय मागितली व न दिल्यास सेवा बंद करण्याची ताकीद दिली.

तिसरा गुण काटकपणाचा. पडदा लहान असल्यानें वीज थोडी लागे. विजेची पेटी काढून दुसरी बसवितां येई. दिवसभर रानांत असणाऱ्या माणसाला ही केवढी सोय! घामेजलेल्या अंगठ्यानें किंवा हातमोजा घालूनही बटण दाबलें जाई. पवनचक्कीच्या पायथ्याशीं, वाऱ्यांत व उन्हांत उभ्या असलेल्या अभियंत्याला यांतील मर्म सांगावें लागणार नाहीं.

आतां दोष. पहिला दोष उघड आहे. अर्धें तोंड बटणांनीं व्यापल्यावर पडद्याला जागा कितीशी उरणार? ई-७१ चा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अडीच इंचही नव्हता. त्यावर पत्र वाचतां येई. पण हिशेबाचा लांब तक्ता, नकाशा किंवा सातबाराचा उतारा पाहणें म्हणजे किल्लीच्या भोंकांतून वाडा पाहणें होय. दुसरा दोष झिजेचा. बटणांच्या फटींत धूळ जाई, अक्षरें पुसट होत, आणि एखादें बटण मेलें कीं, तें अक्षरच भाषेंतून हद्दपार होई. तिसरा दोष परावलंबनाचा. सर्व टपाल कंपनीच्या यंत्रांतून जाणार, तेव्हां तें यंत्र अडलें कीं सारें अडलें. १० ऑक्टोबर २०११ पासून कांहीं दिवस तसें घडलेंही. युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व व आपला देश येथील लक्षावधि लोकांचे निरोप अडकून पडले. या टपालासाठीं दरमहा वेगळें शुल्क भरावें लागे, तें निराळेंच.

परंतु हे तिन्ही दोष लंडनच्या व्यापाऱ्याला जितके होते, तितकेच साक्रीच्या अडत्याला. चौथा दोष मात्र खास आपल्या वांट्याचा होता, आणि तो म्हणजे लिपीचा. इंग्रजीचीं अक्षरें सव्वीस. बटणांत तीं नेमकीं बसलीं. आपले स्वर, व्यंजनें, काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार मिळून पन्नासांहून अधिक चिन्हें होतात. तीं कळफलकावर बसविण्याची शास्त्रशुद्ध योजना आपल्याकडे नव्हती असें नाहीं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक ठरविला होता. त्यांत डाव्या हाताखालीं स्वर व उजव्या हाताखालीं व्यंजनें येतात. क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, ग ज्या कळीवर तिच्यावरच घ, अशी सुरेख रचना आहे. पण ही रचना संगणकाच्या मोठ्या कळफलकासाठीं होती. तींत च, ट, ड व य हीं अक्षरें ज्या कळींवर येतात, त्या इंग्रजींतील विरामचिन्हांच्या व कंसाच्या कळी होत. आणि खिशांतल्या फोनवर त्यांना वेगळीं बटणेंच नव्हतीं! ‘चटकन् या’ एवढा साधा निरोप लिहावयाचा, तर त्याचीं निम्मीं अक्षरें ठेवावयास जागा नाहीं.

निरोप लिहिला तरी अडचण संपत नसे. संदेशाच्या एका हप्त्यांत इंग्रजीचीं १६० अक्षरें मावत. देवनागरीचीं चिन्हें मात्र ७० च. आणि यांत काना, वेलांटी व पाय मोडण्याची खूणही स्वतंत्र मोजली जाते. ‘साक्री’ हा शब्द आपल्या दृष्टीनें दोन अक्षरांचा. यंत्राच्या मोजणींत स, काना, क, पाय मोडण्याची खूण, र व वेलांटी मिळून सहा चिन्हांचा. शिवाय सुरुवातीच्या पुष्कळ फोनांवर मराठी मजकूर आला, तर अक्षरांऐवजीं रिकाम्या चौकटींची रांग दिसे.

मग फिरतीच्या मराठी माणसानें काय केलें? त्यानें मराठी भाषा इंग्रजी लिपींत लिहावयास आरंभ केला. यानें काम भागलें हें खरें; पण काय किंमतीला भागलें, तें पाहा. समजा, धुळ्याच्या व्यापाऱ्यानें पिंपळनेरच्या माणसाला कांद्याचा भाव विचारला आणि उत्तरांत बी, ए, आर्, ए अशीं चार अक्षरें आलीं. भाव ‘बरा’ आहे, कीं भाव ‘बारा’ आहे? लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्यानें तर्क करावयाचा. एम्, ए, एल्, ए या चार अक्षरांत मला, माला, मळा व माळा हे चौघेही नांदतात. विकावयाचा तो मळा कीं माळा? के, ए, एल् हीं अक्षरें डॉक्टरांना आलीं, तर रोग्याला छातींत ‘कळ’ आली, कीं जें झालें तें ‘काल’ झालें? ऱ्हस्व-दीर्घ, ळ आणि ल, ण आणि न हे भेद आपण केवळ शुद्धलेखनाच्या हौसेखातर पाळीत नाहीं. त्यांत भाव, तिथि आणि मालमत्ता राहतात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. तालुक्याच्या कचेरींतील पंचनामा, नोटीस व अर्ज मराठींत लिहिले जातात. ज्या फोनवर यांतील एक ओळही धड लिहितां येत नाहीं, तो कितीही चपळ असला तरी अर्ध्याच कामाचा नव्हे काय?

कांचेचा फोन येथें सरस ठरला. २००७ सालीं अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें आयफोन आणला. त्यावर अक्षरांचीं बटणेंच नव्हतीं. पडद्यावर उमटणारा कळफलक हा केवळ चित्र असतो. चित्र बदलतां येतें. इंग्रजी पुसून त्याच जागीं देवनागरी मांडतां येते, आणि काम संपतांच तो कळफलक नाहींसा होऊन पूर्ण पडदा वाचनास मोकळा होतो. मराठीची सोय त्या फोनांत एका दिवसांत झाली नाहीं. पण ती करण्यास कारखान्यांतील सांचा बदलावा लागला नाहीं, एवढें खरें. पुढें २०१६ सालीं केंद्र सरकारनें नियम केला कीं, देशांत विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीस भारतीय भाषा वाचतां याव्यात व इंग्रजी, हिंदी आणि आणखी निदान एक भारतीय भाषा लिहितां यावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः फोनवर करूं लागला. ती मराठींत होते. बटणांच्या फोनवर ही गोष्ट घडणें कठीण होतें.

तथापि कांचेनें कांहीं घेतलेंही आहे. तिला स्पर्शाची खूण नाहीं. लिहितांना डोळे तिच्यावर खिळवावे लागतात. ओलें बोट तिला कळत नाहीं. लिहिणाऱ्याचा शब्द पुरा होण्यापूर्वीं ती आपला शब्द पुढें करते व घाईंत तोच पत्रांत जातो. म्हणून पुष्कळांनीं लिहिणेंच सोडून ध्वनिमुद्रित निरोप धाडण्याचा मार्ग धरला आहे. बोललेला निरोप सोयीचा खरा. पण तो चाळतां येत नाहीं, फाईलला लावतां येत नाहीं, आणि वाद उपस्थित झाला म्हणजे त्यांतील नेमकें वाक्य शोधणें जिकिरीचें होतें.

हिशेबाची बेरीज अशी कीं, त्या फोनचा गुण आणि दोष हे दोन नव्हते, एकच होता. बटणें पक्कीं होतीं. पक्कीं होतीं म्हणून अंगठ्याला भरंवसा मिळाला. आणि पक्कीं होतीं म्हणूनच ज्या भाषेसाठीं तीं कोरलीं गेलीं, तिच्याखेरीज दुसरीला तेथें थारा मिळाला नाहीं. ४ जानेवारी २०२२ रोजीं ब्लॅकबेरीच्या त्या जुन्या फोनांची सेवा कंपनीनें बंद केली.

आपल्या घरांत यापुढेंही नवीं नवीं यंत्रें येतील. तीं घेतांना वेग, किंमत व चकाकी यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारावा: यावर मराठी कशी लिहितात, तें आम्हांस लिहून दाखवा. ज्यांना लांबचें लिहावयाचें असतें, त्यांनीं फोनला जोडतां येणारा वेगळा कळफलक घ्यावा व त्यावर इन्स्क्रिप्टचा अभ्यास करावा. अंगठ्याऐवजीं दहाही बोटें कामास येतील. आणि मुलांना सुटींत पंधरा दिवस रोज अर्धा तास बसवून देवनागरी कळफलक शिकवावा. आतां यंत्र आपली लिपि घेण्यास तयार आहे; ती त्याला देण्याचें काम तेवढें आपलें उरलें आहे.