मनाचा रोजमेळ

दुकानदार रात्री रोजमेळ लिहितो, तो केवळ आजचा गल्ला मोजण्यासाठी नव्हे. धंदा चढतीला आहे की उतरतीला, हे त्याला महिनाभराच्या आकड्यांवरून कळते. नैराश्याच्या विकारातून सावरणाऱ्याने मोबाईलवर ठेवावयाची नोंद याच जातीची आहे. झोप किती झाली, घराबाहेर पडलो का, जेवण गोड लागले का, एवढे रोज टिपावयाचे.

हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. या विकाराची खोड अशी की, तो आठवणही काळवंडून टाकतो. आठवड्यातले चार दिवस बरे गेले असले तरी डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘काहीच फरक नाही’ एवढेच तोंडातून निघते. नोंद असली म्हणजे ते चार दिवस हरवत नाहीत.

मोजण्याचे एक माप सर्वत्र रूढ आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असून, गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रत्येकास ० ते ३ गुण द्यावयाचे. बेरीज फार तर २७. साधारण पाच गुणांचा फरक पडला तर तो खरा मानतात. एकदोन गुणांनी हर्षून जाऊ नये की खचूही नये. गोव्यात ‘संगथ’ संस्थेच्या प्रशिक्षित समुपदेशकांनी, आणि हे डॉक्टर नव्हते बरे, सरकारी आरोग्यकेंद्रांत सहा ते आठ भेटींचा उपचार केला, तेव्हा हेच माप वापरले. ४९५ रुग्णांचा तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, नेहमीच्या उपचाराला या भेटींची जोड मिळालेले अधिक सावरले. मोबाईलने कागदाची जागा घेतली आहे; त्या समुपदेशकाची नव्हे.

आपल्या शेलार-भिवंडीच्या भागात आणखी एक अडचण आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा दिवसा झोपतो. पुष्कळ मनगटी घड्याळे मात्र झोप रात्रीचीच धरून चालतात आणि त्याला नाहक इशारे देतात. म्हणून झोपेशेजारी पाळीही लिहावी. झोपमोडीने विकार बळावू शकतो हे खरे, पण बिघाड पाळीबरोबर आला की पाळी बदलूनही राहिला, हे डॉक्टरांना त्यावरूनच उमगेल. आणि एका खोलीत चौघे राहत असतील तर मोबाईलला कुलूप हवेच.

नववा प्रश्न निराळा आहे: मरण बरे, किंवा स्वतःस इजा करावी, असे विचार येतात का? येथे बेरीज पाहत बसू नये. उत्तर शून्याहून अधिक आले तर त्याच दिवशी माणसाशी बोलावे. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे, आणि मराठीतून बोलता येते.