किक आणि बेस: खालच्या पट्टीतले गैरसमज

माझा पहिला ट्रॅक मी डोंबिवलीत दहा बाय दहाच्या खोलीत पूर्ण केला. खुर्चीत बसून ऐकताना तो अगदी जमल्यासारखा वाटत होता; किक घट्ट, बेस भरलेला. दोन दिवसांनी मित्राच्या घरी तोच ट्रॅक लावला, तर बेसने सगळं गाणं गिळून टाकलं. किकची नुसती टकटक ऐकू येत होती. "अरे, बेस जरा कमी कर ना," मित्र म्हणाला. घरी येऊन बेसचा फेडर खाली ओढला, तर माझ्या खुर्चीत बेस नाहीसाच झाला. पुढे कितीतरी महिने मी तो एकच फेडर वरखाली करत होतो.

नव्याने मिक्सिंग शिकणारे कितीजण तरी याच टप्प्यावर "माझा कान कच्चा आहे" असं ठरवून टाकतात आणि काही जण काम सोडून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. किक आणि बेसचा तोल बिघडतो तेव्हा दोष बहुधा कानाचा नसतो. तो खोलीचा असतो, आवाज निवडण्याचा असतो आणि सगळ्यात जास्त वेळा दोन आवाजांच्या वेळापत्रकाचा असतो. फेडर आणि ईक्यूचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिला गैरसमज हाच, की मला जे ऐकू येतं तेच ट्रॅकमध्ये आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बेसचा खालचा 'ए' हा सूर ५५ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लाट सव्वासहा मीटर लांब. दहा फुटांची खोली साधारण तीन मीटरची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्या लाटेचा जवळजवळ नेमका अर्धा भाग बसतो. भिंतीवरून परत आलेली लाट जाणाऱ्या लाटेत मिसळते आणि हवेत एक ठरावीक नकाशा तयार होतो: भिंतीपाशी आवाज दणदणीत, खोलीच्या मधोमध जवळपास शून्य. आणि आपण टेबल-खुर्ची कुठे मांडतो? मधोमध.

यावर विश्वास बसत नसेल तर आज रात्रीच करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये साधी साइन लाट घ्या, ५५ हर्ट्झवर ठेवा आणि स्पीकरवर बेताच्या आवाजात सुरू करा. खुर्चीतून उठा आणि डोकं मागच्या भिंतीला टेकेपर्यंत हळूहळू मागे चालत जा. आवाज पावलागणिक फुगत जातो. भिंतीपाशी पोचल्यावर तर कुणीतरी फेडर वर केलाय की काय असं वाटतं. मग कोपऱ्यात वाका, तिथे आणखी जास्त. खोलीची मापं वेगळी असतील तर ४० पासून ८० पर्यंत एकेक हर्ट्झ सरकवत जा, तुमच्या खोलीचा खड्डा सापडेल. मला तो सापडला त्या रात्री समजलं, की मी इतके महिने ट्रॅक दुरुस्त करत नव्हतो. खोलीतला खड्डा भरत होतो. मित्राच्या घरी तो खड्डा नव्हता, म्हणून तिथे माझी भर उघडी पडली.

अशा वेळी भिंतींना अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला हमखास मिळतो. ट्रेने किंवा दोन इंची फोमने टाळीचा घुमारा कमी होतो. सहा मीटरच्या लाटेला त्यांचा पत्ताही लागत नाही. तिला अडवायला कोपऱ्यांत ग्लासवूलचे किंवा रॉकवूलचे जाडजूड थर लागतात. ते परवडत नसेल तर निदान खुर्ची हलवा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं येईल अशी बैठक, हा सुरुवातीसाठी प्रचलित ठोकताळा आहे. रुंदीचा प्रश्न तरीही उरतो, कारण दोन स्पीकर नीट ऐकायचे तर डावी-उजवीकडे मधोमधच बसावं लागतं. म्हणून खालच्या पट्टीचा कुठलाही निर्णय मी हेडफोनवर पडताळतो. प्रत्येक हेडफोनची स्वतःची ढब असते आणि छातीवर बसणारा धक्का त्यात मिळत नाही, पण भिंती त्याच्या मध्ये येत नाहीत.

दुसरा घोळ आवाजाच्या पातळीचा. बेल लॅबमध्ये हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की माणसाचा कान सगळे सूर सारख्या ताकदीने ऐकत नाही आणि हा पक्षपात आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलतो. आजच्या मोजमापानुसार १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या सुराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. तोच १००० चा सूर ८० वर नेला, की ३८ डेसिबलचा फरक सुमारे २२ वर येतो. घरचे झोपलेले असताना हळू आवाजात काम केलं की बेस कमी वाटतो, आपण वाढवतो, आणि सकाळी मोठ्याने लावल्यावर तोच अंगावर येतो. मी आवाजाच्या बटणाशेजारी पेनाने खूण केली आहे. तोल ठरवायचा तो त्या खुणेवरच. तुलनेसाठी दुसऱ्याचं गाणं लावाल तेव्हा ते आधी खाली ओढून आपल्या पातळीला आणा. ते मास्टर झालेलं असतं, मोठं असतं, आणि मोठं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं.

"किकला ५० ते ६०, बेसला ८० ते १००" अशी वाटणी करून देणारे तक्ते सगळीकडे फिरतात. मला ते घातक वाटतात. बेसची ओळ म्हणजे सुरावट, ती हलते. खालचा ई ४१ हर्ट्झवर, ए ५५ वर, त्यावरचा डी ७३ वर. किकला जागा द्यायची म्हणून बेसमधून ५५ कापलं, तर ए तेवढा लंगडा होतो. ई आणि डी आहेत तसेच ठणठणीत राहतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं, बेस मध्येच दम सोडतोय. किकसुद्धा एका जागी बसलेली नसते. तिचा सूर पहिल्या काही मिलिसेकंदांत वरून घरंगळत पन्नाशीच्या आसपास येतो. सुरुवातीच्या 'टक्'मुळे ती ऐकू येते, नंतरच्या 'धुम्'मुळे जाणवते. किक हरवली असं वाटतं तेव्हा बहुतेकदा 'धुम्' भरपूर असतो, 'टक्' झाकलेला असतो. अशा वेळी दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्टीत थोडं वाढवून बघा किंवा तिथे गर्दी करणारा सिंथ थोडा खाली घ्या.

खरी वाटणी आवाज निवडतानाच होते. चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा रागांचा जो डिस्को अल्बम केला, त्यात ताल रोलंडच्या टीआर-८०८ चा आणि बेस टीबी-३०३ चा. ३०३ चा तो चिवट, ओरखडणारा आवाज तिच्या फिल्टरमधून येतो आणि मधल्या पट्टीत उठून दिसतो. ८०८ ची किक गोल आणि खोल. एकीची ओळख वर, दुसरीचं बळ खाली. अशी जोडी घेतली तर मिक्सिंगचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. उलट लांब शेपटीची ८०८ किक घेऊन तिच्याखाली वेगळा सब-बेस घालू नका. तिथे किक हाच बेस असतो.

आता वेळापत्रक. माझ्या मते शिकणाऱ्यांना हे सगळ्यात आधी सांगायला हवं. गोव्यावरून ज्याला नाव मिळालं त्या गोवा ट्रान्समधून पुढे सायट्रान्स आला. त्यात एका मात्रेचे चार समान भाग करतात: पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बेस. मिनिटाला १४५ मात्रांच्या गतीत एक मात्रा ४१४ मिलिसेकंदांची, म्हणजे एकेक भाग १०३ चा. किक आणि बेस कागदावर एकदाही एकत्र वाजत नाहीत. तरीही नवशिक्यांच्या ट्रॅकमध्ये खाली गढूळ चिखल असतो. का? किकचं सॅम्पल उघडून लाट मोठी करून बघा. 'टक्' आणि 'धुम्' झाल्यावर शेपटी पुढे लांबच लांब, ३०० मिलिसेकंदांपर्यंत वळवळत गेलेली असते. बेसचे दोन सूर तिच्याखाली गाडले जातात. ती शेपटी १०० च्या आसपास कापा, टोकाला पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार द्या म्हणजे खटका येणार नाही, आणि ट्रॅक पुन्हा लावा. फेडरला हात न लावता, ईक्यू न उघडता बेसचे तिन्ही सूर मोजता येतील इतके सुटे होतात. बेसच्या सुरांची लांबीही तशीच आखूड करा. शेवटचा सूर पुढच्या किकच्या आधी संपलाच पाहिजे. हाउसमध्ये मिनिटाला १२४ मात्रा असतील आणि बेस दोन किकच्या बरोबर मध्ये पडत असेल, तर किकला सुमारे २४० मिलिसेकंद मोकळे मिळतात; तिथे तिला एवढं छाटायची गरज नाही.

दोघं खरोखरच एकत्र वाजणार असतील, तर लाटांच्या दिशेकडे लक्ष द्या. ५५ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला १८ मिलिसेकंद लागतात. त्याच सुराचे, सारख्या ताकदीचे दोन आवाज एकत्र उठले तर बेरीज ६ डेसिबलने वाढते. एक नऊ मिलिसेकंदांनी मागे पडला तर ते एकमेकांना पुसून टाकतात. अनेक सिंथ प्रत्येक सुराची लाट वाटेल तिथून सुरू करतात. त्यामुळे एक ठोका भरभक्कम येतो आणि पुढचा पोकळ. अशा वेळी लोक कंप्रेसर लावत सुटतात. सिंथमध्ये रीट्रिगरचं बटण शोधा, प्रत्येक सूर एकाच जागेवरून सुरू होईल. मग बेसच्या चॅनेलवर फेज उलटी करून दोन्ही प्रकारे ऐका. ज्यात खालचं वजन जास्त, तो प्रकार ठेवा.

"साइडचेन लावलं की प्रश्न मिटला" हेही अर्धसत्य आहे. एरिक प्रिड्झच्या २००४ च्या 'कॉल ऑन मी'मध्ये जो श्वास घेतल्यासारखा हेलकावा ऐकू येतो, ती साइडचेन सजावट म्हणून वापरलेली आहे. तोल सांभाळण्यासाठी वापरायची साइडचेन ऐकूच यायला नको. किक पडताना बेस दोन-तीन डेसिबल दबला आणि वेळेत परत आला, एवढं पुरे होतं. किकची शेपटी लांबच ठेवून साइडचेनकडून चमत्काराची अपेक्षा केली, तर बेसची प्रत्येक सुरुवात खाल्ली जाते.

बेस डावी-उजवीकडे पसरवण्याचा मोह टाळा. साधारण १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो ठेवा, कारण अनेक ठिकाणचे सबवूफर दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवतात आणि पसरवताना उलटी झालेली लाट तिथे गायब होते. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकू यावा म्हणून सब वाढवणंही निष्फळ आहे. तो चिमुकला स्पीकर ५५ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. पण ११०, १६५, २२० हे त्याच सुराचे वरचे अंश ऐकू आले, तर मेंदू खालचा ए स्वतः भरून काढतो. बेसवर थोडं सॅच्युरेशन दिलं की हे अंश मिळतात.

सगळं झाल्यावर मी ट्रॅक सुरू ठेवून खोलीबाहेर जातो, दार अर्धं लोटतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहतो. झांजा, सिंथ वगैरे वरचं बरंचसं दाराआड राहतं; भिंती ओलांडून येतात ते किक आणि बेसच. तिथे उभं राहून मला बेसची ओळ गुणगुणता आली आणि किकवर पायाने ठेका धरता आला, तर त्या दिवशी मी फेडरला पुन्हा हात लावत नाही.