शिकारीची सायकल नको, गरीची सायकल हवी : परतीच्या वाटेसाठी माउंटन बाईक कशी तयार कराल?

मोबाईलवर हल्ली अमेरिकेतले व्हिडिओ खूप फिरतात. जाड टायरची सायकल, मागे छोटा ट्रेलर, पाठीला धनुष्य किंवा बंदूक आणि माणूस निघाला जंगलात हरणाच्या मागे. आपल्याकडच्या पोरांना हे बघून हुरूप येतो. "आपल्या सड्यावर पण असं करता येईल ना?" असा प्रश्न आम्हाला दोन-तीन ठिकाणी ऐकायला मिळाला. म्हणून आधी त्याचं उत्तर देतो आणि मग मुद्द्याकडे वळतो.

शिकार : थेट गुन्हा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ससा, भेकर, सांबर, रानडुक्कर अशा प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. प्राणी मेला तरच शिकार, असंही नाही. फासा लावणं, हाकून आणणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड. जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांसाठी ती तीन ते सात वर्षं आहे. गुन्ह्यात वापरलेलं वाहनही जप्त होतं, त्यात सायकलही आली. घरात पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक असली म्हणून शिकारीची परवानगी मिळत नाही. एका रात्रीच्या हौसेपायी पोराची नोकरी, पासपोर्ट, परदेशी जाण्याची तयारी सगळं अडकून बसतं. घरातल्या मोठ्यांनी हे मुलांना स्पष्ट सांगावं.

पण रत्नागिरीच्या पोराला हौस भागवायला जंगल कशाला हवं? राजिवडा, कर्ला, मिरकरवाडा, साखरतर, सगळीकडे आपल्या घरांतून गरी आणि पाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. भाट्याची खाडी, काळबादेवीचा किनारा, पूर्णगडची खाडी ही सगळी सायकलच्या टप्प्यात आहेत. पेट्रोलचा खर्च नाही, आणि जिथे मोटरसायकल जात नाही त्या पायवाटेने सायकल हातात धरून नेता येते.

आपल्याकडची अडचण उलटी आहे

डोंगरात शिकारीला जाणारा माणूस बहुतेक वेळा चढून जातो आणि उतरून परत येतो. आपलं नेमकं उलटं. वस्ती आणि रस्ता वर सड्यावर, मासे खाली खाडीत. जाताना सायकल रिकामी आणि वाट उताराची, म्हणून सगळं सोपं वाटतं. परतताना भिजलेला पाग, बर्फ, मासे, दमलेले पाय, वर चढ आणि बहुधा अंधार. म्हणून आमचं सांगणं एकच : सायकल जाण्यासाठी सजवू नका, परतण्यासाठी सजवा.

सायकल निवडताना

फार महागडी सायकल लागत नाही. तीन गोष्टी बघा. एक, मागच्या चाकाजवळ आणि सीटखाली फ्रेमला कॅरिअर बसवायची भोकं आहेत का. दोन, डिस्क ब्रेक असेल तर साधा कॅरिअर ब्रेकला घासतो, डिस्कसाठीचा वेगळा कॅरिअर मागून घ्या. तीन, चढासाठी हलका गिअर आहे का. पुढचं सर्वांत लहान आणि मागचं सर्वांत मोठं दातेरी चाक जुळवून घरामागचा चढ चढून बघा. मागे दहा किलो वजन बांधून चढता आलं तर सायकल कामाची.

कॅरिअरवर किती किलो झेपतं ते बहुधा त्यावरच लिहिलेलं असतं. ती मर्यादा पाळा. बोल्ट दर खेपेला हाताने हलवून बघा, कारण जांभ्याच्या खडबडीत वाटेवर ते सैल होतात.

टायर साधारण दोन इंच रुंद आणि खोल नक्षीचे असावेत. डांबरी रस्त्यावर वजनासह चाळीस-पन्नास पीएसआय हवा ठीक. वाळू-मातीच्या वाटेवर ती तीस-पस्तीसपर्यंत उतरवा, पण त्याखाली नको. हवा फार कमी झाली की दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटली जाते आणि एकदम दोन भोकं पडतात. पंप, पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब कायम सोबत ठेवा. किनाऱ्याच्या वाटेवर पंक्चरवाला भेटत नाही.

वजन कुठे ठेवायचं

हँडलला पिशवी लटकवायची सवय आपल्यात सगळ्यांनाच आहे. गरीच्या खेपेला ती सोडा. उतारावर पिशवी डुलते, हँडल ओढलं जातं, दोरी चाकात जाते. जड सामान मागे, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं हवं.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे दोन कॅन. वरचा भाग कापा, कडा घासून घ्या आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधा. टाच लागत नाही ना, ते पायडल फिरवून बघा. एका कॅनमध्ये पाणी, डबा, हत्यारं. दुसऱ्यात पाग. पाग ठेवलेल्या कॅनच्या तळाला भोकं पाडा म्हणजे पाणी निथळेल. पागाची दोरी पूर्ण गुंडाळून आत दाबा. तिचं एक टोक जरी स्पोकमध्ये गेलं तरी चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो.

रॉड दोन तुकड्यांची घ्या. सात फुटी रॉडचा एक तुकडा साडेतीन फुटांचा होतो. प्लंबिंगच्या दुकानातून चार फूट पीव्हीसी पाईप आणि दोन टोपणं आणा. रॉड त्यात घालून पाईप कॅरिअरच्या बाजूला, टोक मागे आणि थोडं वर राहील असा बांधा. पाठीला उघडी रॉड बांधून चालवू नका, फांदीत अडकते. गळ नेहमी डब्यात, थर्माकोलच्या तुकड्यात खुपसून. सुरी म्यानात. तंगुसाचे तुकडे किनाऱ्यावर टाकू नका, परत आणा.

ब्रेक

आरे-वारेचा उतार असो की सड्यावरून खाली येणारी कुठलीही घाटी, वजन वाढलं की सायकल थांबायला जास्त अंतर घेते. निघण्यापूर्वी ब्रेकची तार, शू आणि रिम बघा. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. खडीवर फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक निसटतं. आमच्यातल्या एकाची ब्रेकची तार वरून चकचकीत होती, पण आतून गंजलेली. उतारावरच तुटली. सायकल कडेच्या कुंपणात गेली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आम्ही दर पावसाळ्यानंतर तारा बदलतोच.

मासळी घरी नीट आली पाहिजे

आपल्या उन्हात मासा लवकर नासतो. एक किलो मासळीला एक किलो फोडलेला बर्फ, हा साधा हिशोब धरा. थर्माकोलची पेटी कॅरिअरवर मधोमध बांधा. मासा पकडल्यावर शक्य तितक्या लवकर पोट आणि कल्ले साफ करून बर्फात ठेवा. बांगडा किंवा कुपा उन्हात तसाच राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं विष तयार होतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, उलटी, असा त्रास होतो. घरी लहान मुलं जेवणार आहेत हे लक्षात ठेवून बर्फात कंजुषी करू नका.

चांदाची तारीख बघून निघा

भरती-ओहोटी दररोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. यासाठी आपल्या घरातलं कॅलेंडर उपयोगी आहे. चांदाच्या पहिल्या-दुसऱ्या आणि पंधरा ते सतरा तारखेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याची ओढ कमी. नेमकी वेळ मात्र बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या. ओहोटीला पुढच्या खडकावर गेलात तर परतीची वाट भरतीने बंद होईल का, हे आधी बघा. सायकल भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या जागी ठेवा.

जून ते सप्टेंबर खडकावर उभं राहून गरवू नका. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठीही. नौका धक्क्यावर बांधलेल्या असताना एकट्या माणसाने शेवाळलेल्या खडकावर जाणं शहाणपणाचं नाही. खाडीच्या काठी लाइफ जॅकेट घाला. एकटे जाऊ नका. कुठे जाताय आणि कधी येणार, हे अम्मीला सांगून निघा. फजरनंतर निघणारे परतीला उन्हात सापडतात, असरनंतर निघणारे अंधारात. दोघांनीही हेल्मेट घाला आणि पुढे दिवा, मागे लाल दिवा लावा.

गळाला समुद्री कासव लागलं तर ओढू नका, तंगूस शक्य तितका तोंडाजवळ कापून सोडा. त्यालाही १९७२ चाच कायदा लागू आहे. कांदळवन तोडून वाट काढू नका, पिल्लं तिथेच वाढतात. सड्यावर मळलेली वाट सोडू नका, कातळावर जुनी खोदचित्रं असतात, त्यांवरून चाक जाता कामा नये.

घरी आल्यावर पंधरा मिनिटं

खारी हवा सायकल खाते. आल्याबरोबर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराचा फवारा चाकाच्या मध्यभागी मारू नका. कापडाने पुसा, सुकू द्या, चेनला तेल घाला आणि वरचं जादा तेल पुसून काढा. सीटच्या दांड्याला आणि बोल्टना वर्षातून दोनदा ग्रीस लावा, नाहीतर ते जाम होतात. भरतीच्या पाण्यातून सायकल चालवायची मजा एका दिवसाची असते, बेअरिंग मात्र कायमचं जातं.

हे काम पोरांवरच सोपवा. मासे आधी आत द्या, मग सायकल धुवा, मग जेवायला बसा. ज्याला हा क्रम पाळता येतो, त्याला पुढच्या खेपेला एकट्याने सामान बांधायला द्यायला हरकत नाही.